‘अचानक’ काहीही होत नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. विषय डोक्यात दोन-तीन वर्षं आहे, पण लिहिलं तर दादा चिडेल म्हणून टाळत होते. गेल्या रविवारी मावशीकडे सगळे जमलो होतो आणि जेवताना दादाने पुन्हा तेच वाक्य टाकलं. "गाडी एकदम व्यवस्थित होती गं, अचानक ब्रेक लागेनासे झाले." मी म्हणाले, अचानक नाही. तो म्हणाला, अचानकच. पुढचा पाऊण तास पानातली श्रीखंडाची वाटी तशीच राहिली आणि आमचं जुंपलं. शेवटी वहिनी कंटाळून म्हणाली, "वन्सं, तुम्ही एकदा लिहूनच टाका." दादाने परवानगी दिली आहे, एका अटीवर. गाडीच्या कंपनीचं नाव यायला नको. नाही येणार. त्या बिचारीचा काही दोषच नव्हता.

ज्यांना प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मे २०२३. चिपळूणला लग्न. कराडहून सकाळी निघालो. दादा गाडी चालवत होता, मला मागे बसलं की गाडी लागते म्हणून मी पुढे, मागे वहिनी, मावशी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा. पाटण गेलं, कोयनेच्या अलीकडे चहा झाला, हेळवाक गेलं आणि कुंभार्ली घाटाचा उतार लागला तसा दादाने गिअर न्यूट्रलला टाकला. "एवढा उतार आहे, पोफळीपर्यंत फुकटात जाईल." आणि मग न्यूट्रलमधली गाडी आवरायला ब्रेकवर पाय. सतत. प्रत्येक वळणावर आणि दोन वळणांच्या मध्येसुद्धा.

चार-पाच वळणं झाल्यावर मला वास आला. इस्त्रीखाली कापड धरल्यावर येतो तसा, पण जास्त उग्र. मी म्हणाले, "दादा, काहीतरी जळतंय." तो म्हणाला, "पुढच्या ट्रकचा वास असेल." पुढे ट्रक नव्हता. मी म्हणाले, ट्रक कुठाय? तो म्हणाला, "तू नको टेन्शन घेऊ, मी पंधरा वर्षं चालवतोय." (हे वाक्य ऐकलं नाही अशी गाडी चालवणारी बाई मला दाखवा.) आणखी दोन वळणांनी मला दिसलं ते त्याचं गुडघ्यातून सरळ झालेलं पाऊल. ब्रेकचं पेडल पार खाली, पत्र्यापर्यंत गेलं होतं आणि गाडी हलकेच वेग घेत होती.

मी ओरडले, "सेकंडला टाक!" त्याने आधी थर्ड टाकला, इंजिन केवढ्याने तरी रेकलं, मग सेकंड. पेडल भराभर मारत राहिला, हँडब्रेक हळूहळू वर घेतला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीच्या दगडांना घासत थांबली. एक व्हीलकॅप गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मावशीची रामरक्षा घाट सुरू झाल्यापासूनच चालू होती, त्यामुळे काहीतरी झालंय हे तिला सगळ्यात शेवटी कळलं. माझा मुलगा मात्र त्यानंतर दोन तास एक शब्द बोलला नाही. वाद घालताना माझा आवाज का चढतो, याचं कारण एवढंच आहे.

खरी गंमत पुढे आहे. अर्धा तास थांबलो, तोवर पेडल पुन्हा टणक झालं. अगदी पहिल्यासारखं. दादा म्हणाला, "बघ! काही नाही. अचानक काहीतरी झालं होतं, आता ठीक आहे." म्हणजे जी गाडी अर्ध्या तासापूर्वी आम्हा पाच जणांना दरीत घेऊन निघाली होती, ती आता ‘ठीक’ होती. सेकंड गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने खाली उतरलो आणि चिपळूणच्या अलीकडे एका गॅरेजात घातली. तिथल्या म्हाताऱ्या फिटरने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं आणि काही न बोलता डबी आम्हाला दाखवली. आतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट. २०१५ ची गाडी. आठ वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं.

ब्रेक ऑइलचं असं आहे की ते हवेतला ओलावा शोषतं. हा त्याचा दोष नाही, गुणधर्मच आहे. ताजं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, असं मानक आहे. तेच पाणी शोषलेलं असलं की ही मर्यादा १५५ वर येते. आठ वर्षांचं ऑइल त्याहूनही खाली गेलं असेल तर नवल नाही. उतारावर सतत पाय ठेवला की पॅड आणि डिस्क तापतात, उष्णता ऑइलपर्यंत जाते आणि ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला की दाब पुढे जातो, बुडबुडा दाबला की तो नुसता दबतो. म्हणून पेडल खाली गेलं. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि पेडल वर आलं. यात अचानक काय आहे? आठ वर्षं शिजत होतं ते त्या दिवशी उतू गेलं, एवढंच.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं. खर्च एका कुटुंबाने हॉटेलात जेवण्याइतका. पण पुस्तिका? ती ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, शोरूममधून आली तशी. आपण मिक्सरची पुस्तिका वाचतो हो, मोबाइलचीही चाळतो. सगळं घरदार ज्यात घालून ऐंशीच्या वेगाने जातो त्याची पुस्तिका मात्र कोरी.

आणि गाडी गप्प बसली नव्हती. जेवताना मी दादाला एकेक विचारत गेले. हँडब्रेकचा लाल दिवा मधूनच लागायचा का? "हो, पण वळणावर लागायचा आणि जायचा. वायरिंगचं असेल म्हटलं." बऱ्याच गाड्यांत तो दिवा एकटा हँडब्रेकचा नसतो, ब्रेक ऑइल कमी झालं तरी तोच लागतो. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात, डबीतली पातळी उतरते आणि वळणावर किंवा उतारावर ऑइल एका बाजूला गेलं की दिवा लुकलुकतो. बरं, ब्रेक मारताना चर्र आवाज यायचा? "यायचा, पण सुरुवातीलाच. पावसाळ्यानंतर येतोच." अनेक पॅडना मुद्दाम एक पत्र्याची जीभ ठेवलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते, म्हणजे तुम्हाला ऐकू यावं. ते ऐकू आल्यावर आपण काय करतो? गाण्याचा आवाज वाढवतो.

म्हणजे दिवा सांगत होता, आवाज सांगत होता, शेवटी वासाने सांगितलं आणि शेजारी बसलेल्या बहिणीनेही सांगितलं. तरी ‘अचानक’.

न्यूट्रलबद्दल जरा सविस्तर बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे ही काटकसर घराघरात आहे. आमच्या अण्णांनी १९८६ साली जुनी फियाट घेतली होती. कार्बोरेटरची गाडी. त्या जमान्यात उताराला न्यूट्रल केलं की थोडं पेट्रोल वाचतं असं लोक मानायचे, काही महाभाग तर इंजिनच बंद करायचे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि संगणक पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद करतो. न्यूट्रलला टाकलं की इंजिन जिवंत ठेवायला त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे जे वाचवायला आपण न्यूट्रल करतो तेच जास्त जातं, वर इंजिनाचा फुकटचा ब्रेक गमावतो. आणि इंजिन बंद केलंत तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते, पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे एसटीचे आणि ट्रकचे जुने ड्रायव्हर सांगत आले. अण्णा तर फियाटमध्येही न्यूट्रल करू द्यायचे नाहीत. आपण मात्र त्या पिढीकडून नेमकी चुकीची गोष्ट उचलली.

अण्णांचं रविवारचं एक काम ठरलेलं होतं. आंघोळीच्या आधी, जुनी लुंगी नेसून बॉनेट उघडायचं. रेडिएटरात पाणी, डिपस्टिक पुसून तेल, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, फॅनबेल्टवर अंगठा दाबून बघायचा, पॉइंट घासायचे. ते शाळामास्तर होते, फिटर नव्हते. हौसही नव्हती. फियाट होतीच तशी, दुर्लक्ष केलं की सोमवारी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची पण ती काही चालू व्हायची नाही. मुंबईत शेवटची फियाट टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी हळवं होऊन काय काय लिहिलं. मला त्या गाडीचं फार प्रेम नाही. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या चढावर ती उकळून थांबायची आणि आम्ही भावंडं बाटल्या घेऊन पाणी शोधत फिरायचो. पण तिने एका शाळामास्तराला गाडीचा आवाज ओळखायला शिकवलं होतं. आजची गाडी माफ करते, महिनोन्‌महिने माफ करते आणि त्या माफीलाच आपण ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणतो.

इथे कुणीतरी म्हणणारच (भावोजी, तुम्हीच), की आजच्या गाड्यांत आपल्याला काय कळणार, सगळं इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणून तर सर्व्हिस सेंटरला पैसे मोजतो. मान्य. मी कुणाला इंजिन खोलायला सांगत नाही, मला स्वतःलाही ते येत नाही. पण मुलाच्या अंगाला हात लावून ताप आहे हे ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. आणि सर्व्हिस सेंटरवर सोपवलं म्हणजे सुटलो, या समजाबद्दल माझा स्वतःचा अनुभव ऐका.

तीन वर्षांपूर्वी माझी गाडी सर्व्हिसिंगला नेली. सल्लागार मुलगा अगदी अदबीने टॅबवर यादी करत होता. इंजिन फ्लश, एसीचं जंतुनाशक, कसलंसं कोटिंग, डेकार्बनायझिंग. मी विचारलं, हे पुस्तिकेत कुठे आहे? तो माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सर, कंपनीचं रेकमेंडेशन आहे." माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. तो नुसता माझ्यासोबत चहा प्यायला आला होता. मी पुस्तिका काढून टेबलावर ठेवली, वेळापत्रकाचं पान उघडलं, तर त्यातलं एकही काम तिथे नव्हतं. जे होतं, म्हणजे ब्रेक ऑइल, एअर फिल्टर, कूलंट, त्याबद्दल तो काही बोलला नव्हता. गाडी चकचकीत होऊन परत आली. डॅशबोर्डला अत्तराचा वास. स्टेपनी काढून बघितली तर तिच्यात हवा अर्धीच.

त्या मुलावर माझा राग नाही, त्याला महिन्याचं टार्गेट असणार. राग आहे तो न बघता सही करणाऱ्या आपल्यावर. काय नको हे कळत नाही म्हणून आपण नको ते घेतो. मग बिल जास्त झालं म्हणून पुढच्या वेळी जे खरंच हवं तेच ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणून ढकलतो.

आता टायर. वर्तमानपत्रातली वाक्यं आठवा. "टायर फुटल्याने चालकाचे नियंत्रण सुटले." जणू आकाशातून वीज पडली. २०१० साली पुण्याहून मुंबईला येताना एका मोटारीचा टायर फुटून अपघात झाला, एक कमावता माणूस गेला. विमा कंपनीचं म्हणणं होतं की टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, आम्ही भरपाई देणं लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते फेटाळलं आणि सुमारे सव्वा कोटीची भरपाई कायम ठेवली. टायर फुटणं हे दैवी कृत्य नाही, तो मानवी निष्काळजीपणा आहे आणि प्रवासाआधी टायरची अवस्था बघणं चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, असा त्या निकालाचा अर्थ. दादाला मी हे सांगितलं तर म्हणतो, "कोर्टाला काय जातंय." असो.

एक गैरसमज तर इतका पक्का आहे की पेट्रोल पंपावर मला रोज वाद घालावा लागेल. "एक्स्प्रेसवेला जाताय ना, मग हवा दोन पॉइंट कमी ठेवा, उन्हाने वाढते आणि टायर फुटतो." बरोबर उलट. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, दबून सरळ होते, पुन्हा दबते. त्या मुडपण्यानेच टायर आतून तापतो. वेग जास्त, माणसं पाच, डिक्कीत बॅगा, आणि हवा कमी, हा फुटण्याचाच बेत आहे. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दारापाशी चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं, भरलेल्या गाडीसाठी बहुधा जास्तच आकडा असतो. तो टायर गार असतानाचा आकडा आहे, म्हणून हवा निघतानाच बघायची, लोणावळ्याला पोचल्यावर नाही. (नायट्रोजनचे वेगळे पैसे देणाऱ्यांसाठी : साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्याला एकदा साधी हवा नीट भरा, पुरे.)

टायरच्या बाजूला चार आकडे एका लंबगोलात असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या बघण्यातली एक गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते, टायरची नक्षी नवी कोरी, मालक अभिमानाने दाखवतात. टायर नऊ वर्षांचे आहेत. रबर पडल्या पडल्याही म्हातारं होतं, कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. त्या चिरा दिसायला खाली वाकावं लागतं, बस. आणि नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर आपल्याकडे तो टायर कायद्याने बाद आहे. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की संपलं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी परिवहन विभागाला प्रवेशावर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. तेव्हा लोक केवढे चिडले! ताशी १२० च्या रस्त्यावर टक्कल पडलेले टायर घेऊन निघालेला माणूस ‘आम्हाला अडवलं’ म्हणून रागावतो. त्याच्या मागे बसलेल्या मुलांना विचारलं होतं का कुणी?

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, कारण मागच्या वेळी फार लांबण लावलं म्हणून आत्याने झापलं होतं. सकाळी गाडी काढल्यावर जागेवर डाग बघा. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नको. काळा-तपकिरी बुळबुळीत डाग इंजिन ऑइलचा. हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचा असेल तर कूलंट गळतंय. धूर निळसर येतोय म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, गाडी गरम झाल्यावरही पांढरा आणि गोड वासाचा येतोय म्हणजे कूलंट आत शिरतंय, बहुधा हेडगॅस्केट गेलंय. डिपस्टिकला तेलाऐवजी दुधाळ कॉफीसारखं काही लागलं तर गाडी चालवूच नका. ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं, ते बहुतेक वेळा बॅलन्सिंग. फक्त ब्रेक मारताना थरथरलं तर डिस्क बघा. पूर्ण वळवताना पुढून कटकट कटकट येते ते चाकाकडच्या ॲक्सलच्या जॉइंटचं. चढावर इंजिन गरगरतं पण गाडी पळत नाही, ती क्लच प्लेट. सेल्फ मारल्यावर नुसता टकटक आवाज आला तर नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करून बघा.

दिव्यांचं साधं आहे. पिवळा म्हणजे लवकर दाखव, लाल म्हणजे आत्ता थांब. आणि लालमध्येही अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं चित्र असलेला, तो ऑइलच्या दाबाचा. तो चालत्या गाडीत लागला तर ‘पुढच्या गॅरेजपर्यंत’ जायचं नसतं. बाजूला घेऊन तिथेच इंजिन बंद. नाहीतर काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं आणि मग तुम्ही म्हणणार, अचानक. हल्लीच्या कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नाही, नुसता लाल दिवा आहे, म्हणजे काटा हळूहळू चढताना बघायची सोयही गेली. तो लागला की एसी बंद करा, थांबा, आणि देवासाठी गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. माझ्या एका चुलत काकांच्या हातावर त्याची खूण अजून आहे.

दसऱ्याचं सांगायचं राहिलं. दरवर्षी आमच्या सोसायटीत सगळ्या गाड्या धुऊन पुसून, झेंडूचा हार, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. मी पण करते, मला आवडतं. पण बाकी पूजा आठवा ना. खंडेनवमीला कारखान्यात यंत्र आधी उघडून पुसतात, तेलपाणी करतात आणि मग हळदकुंकू वाहतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून खांदा कुठे सुजलाय, कुठे सोललाय हे हाताला कळतं, हळद-तूप लावून तो शेकतात, आणि झूल दुसऱ्या दिवशी चढते. आपल्या आजोबांनी सुजलेल्या खांद्यावर झूल टाकून बैल मिरवला असता का? आपण तेच करतो. गेल्या दसऱ्याला मी खाली हार घालताना शेजारच्या गाडीचं लिंबू ज्या चाकाखाली होतं त्या टायरला आतल्या बाजूने तारा दिसत होत्या. चक्क तारा. मी सांगितलं तर काका म्हणाले, "आज नको बाई, सणाचं असं बोलू नये." दिवाळीला गावाला जाताना बदलू म्हणाले. त्यांच्या मिसेसना मी गुपचूप फोन केला, तेव्हा तिसऱ्या दिवशी बदलले. अजून ते माझ्याशी जरा तुटकच बोलतात. चालेल.

दादाला यातलं किती पटलं माहीत नाही. ब्रेक ऑइल आता दोन वर्षांनी बदलतो, एवढं खरं. बोलण्यातलं ‘अचानक’ मात्र सोडत नाही. पण हे लिहीत असतानाच काल रात्री त्याचा फोन आला. म्हणे, खालून खडखड आवाज येतोय, गाणी बंद करून नीट ऐकलाय. मी विचारलं, वळताना येतो का ब्रेक मारताना? म्हणाला, दोन्ही वेळेला, आणि चढावर मागे जातो. आवाज मागे जातो? मला काही कळेना. म्हटलं, बाजूला घे आणि वाकून बघ. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. भाचीची स्टीलची पाण्याची बाटली होती, गाडीत लोळत होती. वहिनी मागून एवढी हसत होती की फोनवर तिचंच ऐकू येत होतं.

मी विचारलं, "कुठे लोळत होती?"

"माझ्या सीटखाली."

"ड्रायव्हरच्या? अरे, ब्रेकच्या पेडलखाली आली असती म्हणजे? ती आधी डिक्कीत टाक, मग निघ."

"टाकली," तो म्हणाला, "तू फोन ठेव आता."